रंग आणि आकार: आधी जोडी लावायला शिकवा, नाव सगळ्यात शेवटी

दुपारी गल्लीतली पाच-सहा पोरं आमच्या कट्ट्यावर असतात, त्यामुळं आठवड्यातनं एकदा तरी कुणाची तरी आई येऊन तेच सांगते, अक्का, ह्याला कलर येतच नाहीत बघा, काही दाखवलं तरी लालच म्हणतोय. घरी काय करता विचारलं की उत्तर ठरलेलं, भिंतीवर चार्ट लावलाय आणि रोज विचारतो. म्हणजे रोज परीक्षा चाललीय आणि शिकवायचं राहूनच गेलंय. त्यात पाहुणे आले की त्यांच्यासमोर पोराला उभं करून "हा कुठला कलर, सांग मामाला", आणि पोरगं आईच्या पदरात तोंड घालतंय.

क्रम असा असतो: आधी सारखे रंग जोडता येतात, मग ढीग वेगळे करता येतात, मग नाव ऐकून वस्तू उचलून देता येते, आणि शेवटी स्वतःच्या तोंडानं नाव सांगता येतं. आपण बहुतेकजण शेवटच्या पायरीपासनं सुरू करतो. जोडी लावणं दोन वर्षांच्या आसपास जमायला लागतं, नावं मात्र तीन-चारच्या मध्ये बसतात, काहींना आणखी वेळ लागतो. तेव्हा अडीच वर्षाच्या पोराला निळा-हिरवा सांगता येत नाही म्हणून घाबरायचं काही कारण नाही.

## तयारी: सामान

चार्ट काढून ठेवा. चार्टवर सफरचंद लाल, केळं पिवळं, पान हिरवं. पोराला ह्यातलं काय शिकायचंय ते कळणार कसं? माझ्या मोठ्याला मी असंच शिकवलं होतं आणि तो बरेच दिवस "लाल" म्हणजे सफरचंदाचं दुसरं नाव समजत होता, तांबडी बादली दाखवली तर नाही म्हणायचा.

म्हणून सामान असं पाहिजे की त्यात फक्त रंग बदलतोय, बाकी सगळं सारखं. ह्याला सगळ्यात सोपी वस्तू म्हणजे टेलरकडच्या चिंध्या. ब्लाउजपीस आणि अस्तराचे साधे, एका रंगाचे तुकडे. तुमच्या ओळखीच्या टेलरला सांगून ठेवा, पिशवीभर मिळतात, पैसे पण घेत नाही कुणी. घरी आणून हे करा:

- प्रत्येक रंगाचे दोन तुकडे, सगळे एकाच मापाचे, ४ इंच बाय ४ इंच.
- प्रिंट, बुट्टी, जर, चमक काही नको.
- रात्रभर मीठ घातलेल्या पाण्यात भिजवा. सकाळी पाणी रंगलं असेल तर तो तुकडा बाद, कारण तो तोंडात जाणारच आहे.
- सुरुवातीला फक्त तीन रंग: तांबडा, पिवळा, निळा. मग हिरवा, पांढरा, काळा. गुलाबी, केशरी, जांभळा हे सगळ्यात मागनं.

टेलरकडनं रामा, चिंतामणी, मोरपंखी असले रंग भरपूर येतात. ते बाजूला ठेवून द्या. रामा हिरवा की निळा ह्यावर आपल्या घरात दोन मोठी माणसं भांडतात, तीन वर्षाच्या पोराला कशाला त्यात ओढायचं.

आकारांसाठी किराणा दुकानातनं एक जाड पुठ्ठ्याचा खोका आणा. गोल, चौकोन, त्रिकोण कापा, पोराच्या तळव्यापेक्षा मोठे, आणि सगळे त्याच एका पुठ्ठ्याच्या रंगाचे. गोल लाल आणि चौकोन निळा असं केलं की पोरगं रंगावरनं ओळखतंय आणि तुम्हाला वाटतंय त्याला आकार आला.

सावध: तीन वर्षांखालच्या पोराच्या हातात सव्वा इंचापेक्षा बारीक वस्तू नको. चिंचोके, बटणं, मणी, शेंगदाणे, हरभरे, आणि हो, पाण्याच्या बाटलीची झाकणं पण. झाकणांचे खेळ मोबाईलवर फार दाखवतात पण ते झाकण बरोबर घशात अडकायच्या मापाचं असतंय.

सावध: रंग दाखवायला देवघरातला शेंदूर, कुंकू, गुलाल काढू नका. शेंदरात शिसं असतं, आणि गुलालात काय घातलंय ते कुणालाच माहीत नसतं.

## तयारी: शब्द ठरवा

आपल्या बेळगावकडं हा भाग सगळ्यात जास्त चुकतो म्हणून जरा थांबून सांगते.

आज्जी म्हणणार तांबडा. आई म्हणणार लाल. इंग्लिश मीडियमच्या नर्सरीत रेड. अंगणवाडीत कन्नडातलं केंपु. पोरगं तेच, तुकडा तोच, नावं चार. पोरांना दोन-तीन भाषा एकदम येतात, त्याची काळजी करू नका, पण एकाच बैठकीत, एकाच माणसानं "हा बघ तांबडा, म्हणजे रेड, म्हणजे केंपु" असं केलं की त्याच्या हाताला काहीच लागत नाही. तुम्ही खेळायला बसलात की एकच शब्द. आज्जी बसली तर तिचा तांबडा चालू दे, रोज तोच चालू दे म्हणजे झालं. रंग एकदा डोळ्यात बसला की दुसऱ्या भाषेतलं नाव चिकटायला फार दिवस लागत नाहीत. पिवळ्याला कन्नडात हळदी म्हणतात हे तर आपल्या पोरांना एका दिवसात कळतं, हळदीचा डबा दाखवला की काम झालं (कन्नडात हळदीला अरिशिण म्हणतात ते सोडा, ते नंतर बघूया).

दुसरी अडचण मराठीचीच आहे आणि ती आपल्या लक्षातच येत नाही. पिवळा शर्ट, पिवळी साडी, पिवळं फूल, पिवळे आंबे. आपल्याला एकच शब्द वाटतो, पोराच्या कानाला ते चार शब्द ऐकू येतात. लालचं तसं नाही, लाल शर्ट, लाल साडी, लाल फूल, बदलतच नाही. सगळ्याला "लाल" म्हणणारी इतकी पोरं का भेटतात ह्याचं एक कारण मला तरी हेच वाटतंय.

उपाय सोपा आहे. पहिले दोन-तीन आठवडे सगळं "तुकडा" ह्या शब्दावर खेळा. पिवळा तुकडा, निळा तुकडा, हिरवा तुकडा, तांबडा तुकडा. सगळीकडं शेवटी "आ". चिंधी म्हटलात की पिवळी झाली, कापड म्हटलात की पिवळं झालं.

## तयारी: वेळ आणि उजेड

पोट भरलेलं, झोप झालेली, आणि दिवसाचा उजेड. बल्बच्या पिवळट उजेडात निळा आणि काळा, पांढरा आणि फिका पिवळा मोठ्यांना पण कळत नाहीत. बेळगावच्या पावसाळ्यात तर दुपारी तीनलाच घरात अंधारून येतंय, तेव्हा खिडकीपाशी किंवा दारात बसा. पाच ते सात मिनिटं, बास. पोरगं "अजून" म्हणत असतानाच आवरायचं, कंटाळल्यावर नाही.

## टप्पा १: जोडी लावा, नाव काढू नका

१. तीन रंगांचा एकेक तुकडा चटईवर पसरून ठेवा, मध्ये वीतभर जागा सोडून. ह्या साड्या.

२. उरलेले तीन तुकडे तुमच्या हातात. हे ब्लाउज.

३. एक ब्लाउज त्याच्या हातात द्या आणि म्हणा, "ह्याचं मॅचिंग शोधूया." आईबरोबर मॅचिंग सेंटरला जाऊन कंटाळलेलं पोरगं असेल तर त्याला हा खेळ शिकवायला पण लागत नाही.

४. पहिली जोडी तुम्ही लावून दाखवा. तुकडा तुकड्याला टेकवून, "सारखं!" एवढंच म्हणा. मग दुसऱ्या रंगाजवळ नेऊन, "हं, सारखं नाही."

५. पुढचे त्याला लावू दे.

रंगाचं नाव ह्यात कुठंच नाही. जीभ चावून धरा, कारण आपल्या तोंडातनं "हा निळा ना, मग निळा कुठाय" असं येतंच.

चुकलं तर काय करायचं ते एकदा बघा. मागच्या महिन्यात अडीच वर्षांची एक पोरगी, हातात निळा तुकडा, तिनं तो नेऊन हिरव्यावर ठेवला आणि माझ्याकडं बघायला लागली, बरोबर का चूक ते माझ्या तोंडावर शोधत. मी काही बोलले नाही, पसरलेला निळा उचलून त्या दोघांच्या शेजारी आणून ठेवला. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, हिरव्यावरचा निळा दोन बोटांत धरून उचलला, आणि मग तो निळ्यावर असा थापला की जसं काय भाकरी थापायलीय. तिला ते डोळ्यांनी दिसलं, माझं "नाही नाही" ऐकून नाही.

तपासा: तुकड्यांच्या जागा बदलून सलग दोन दिवस तिन्ही जोड्या जमल्या का? जागा न बदलता जमल्या तर ते जागा पाठ करणं झालं. तीन जमले की चौथा रंग आणा, एकदम सहा नको.

## टप्पा २: ढीग वेगळे करा

इथं आता वस्तू बदलायच्या आणि रंग सारखा ठेवायचा, पहिल्या टप्प्याच्या बरोबर उलट. दोन रंगांसाठी दोन बुट्ट्या म्हणजे टोपल्या घ्या, प्रत्येकीत त्या त्या रंगाचा तुकडा अंथरा. मग घरातनं वस्तू गोळा करत फिरा. प्लॅस्टिकची वाटी, मोजा, रुमाल, टोमॅटो, कंगवा. प्रत्येक वस्तू तुकड्याला टेकवून बघायची, जुळली की त्या बुट्टीत.

पोरगं बॉल बॉलबरोबर ठेवतंय, वाटी वाटीबरोबर ठेवतंय, रंग बघतच नाही, असं झालं तर रागवू नका, त्यानं पण वर्गवारीच केली, फक्त आपल्या हिशोबानं. परत तुकडा टेकवून दाखवा.

## टप्पा ३: आता नाव

मॉन्टेसरीच्या पद्धतीत ह्याला तीन पायऱ्यांचा पाठ म्हणतात. दोनच रंग घ्या, एकमेकांपासनं लांबचे, पिवळा आणि निळा.

१. सांगा. तुकडा हातात धरून, "हा तुकडा पिवळा." थांबा. "हा तुकडा निळा." दोन-तीन वेळा, दुसरं काही बोलायचं नाही. आधी वस्तू, मग रंग, हा क्रम ठेवा. "पिवळा तुकडा" म्हटलं की रंगाचं नाव कानावर पडून जातं तेव्हा पोराची नजर अजून दुसरीकडंच असते.

२. मागा. "पिवळा तुकडा मला दे." "निळा तुकडा आज्जीच्या मांडीवर ठेव." "पिवळा उशीखाली लपव." ह्या पायरीवर भरपूर दिवस घालवा. दहापैकी नऊ घरांत ही पायरी एका दिवसात उरकतात आणि तिथंच सगळं बिघडतंय. पोराला बोलायचं काहीच नसतं, नुसतं पळायचं असतं, त्यामुळं त्याला ही सगळ्यात आवडते.

३. विचारा. "हा तुकडा कुठल्या रंगाचा?" दुसरी पायरी न चुकता जमायला लागली तरच.

तिसऱ्या पायरीवर चुकलं तर "चूक" म्हणायचं नाही, गुपचूप दुसऱ्यावर यायचं. पिवळ्याला निळा म्हणाला तर "बरं, पिवळा मला दे बघू" म्हणा.

आणि सगळ्याला लाल म्हणणारं पोरगं असेल तर ऐका, ते तुम्हाला वाटतंय तेवढं मागं नाही. "कुठला रंग" विचारल्यावर ते "बॉल" किंवा "दोन" म्हणत नाही, रंगाचंच नाव सांगतंय. प्रश्न त्याला कळलाय, फक्त कुठलं नाव कुठल्या रंगाला ते बसायचंय. काही दिवस त्याला लाल विचारूच नका, पिवळा-निळा मागत राहा.

सावध: गुलाबी आणि तांबडा, निळा आणि जांभळा, तांबडा आणि केशरी ह्या जोड्या एकाच दिवशी शिकवू नका.

## टप्पा ४: तुकडा सोडून बाहेर

चार-पाच रंग पक्के झाल्यावरच पिवळी, पिवळं सुरू करा. बाजारात नेलात तर सगळ्यात चांगलं, पण रविवारच्या गर्दीत नको, पोरगं हरवेल नाहीतर तुम्ही वैतागाल. भाजीवालीपुढं बसून एकच रंग शोधायचा. "आज फक्त हिरवं शोधूया." ढब्बू मिरची हिरवी, कोथिंबीर हिरवी, वांगं? इथं गंमत येते, कारण जांभळी वांगी पण असतात आणि जवारी म्हणजे गावरान हिरवी पण.

वस्तूला रंग चिकटलेला नसतो हे दाखवायला टोमॅटोसारखं काही नाही. दोन हिरवे टोमॅटो आणून खिडकीत ठेवा आणि रोज सकाळी त्यांच्याशेजारी हिरवा आणि तांबडा तुकडा धरून बघा, आज कुणाला मॅचिंग. मधल्या दिवसांत तो कुणालाच मॅचिंग नसतो, तेव्हा केशरीची ओळख आपोआप होते.

खानापूरकडं जाताना तांबडी माती, पूर्वेकडं सौंदत्तीच्या वाटेला काळी. एस्टीत खिडकीशी बसून "माती कुठली?" एवढं विचारलं तरी तासभर जातो. कोल्हापूरची लाल एस्टी मोजायचा खेळ निपाणीच्या पोरांना सांगायला नको.

चार वर्षांपुढच्यांना एक जादू: कागदावर हळदीचं पाणी फासून वाळवा, आणि खायच्या सोड्याच्या पाण्यात बोट बुडवून त्यावर रेघ ओढायला द्या. पिवळ्यावर तांबडी रेघ उमटते. चुन्यानं पण होतं, पण चुना पोरांच्या हातात नको, डोळ्यात गेला तर भाजतो.

## टप्पा ५: आकार, आधी हातानं

रंग फक्त डोळ्यांना कळतो, आकार बोटांना पण कळतो, त्याचा फायदा घ्या. रंगाचे पहिले तीन टप्पे झाल्यावरच इकडं या, दोन्ही एकदम नको.

१. पुठ्ठ्याचा गोल द्या, कडेनं बोट फिरवायला लावा. "फिरतंय, फिरतंय, कुठं टोचत नाही."

२. मग त्रिकोण. कडेनं बोट, टोक आलं की थांबून "टोक!" तीन वेळा. चौकोनाला चार वेळा.

३. दोन आकार पिशवीत घाला, न बघता हात घालून "टोकवाला" काढायला सांगा.

४. ह्यानंतर नावं, टप्पा ३ सारखीच: सांगा, मागा, विचारा.

आपण गोल म्हणतो त्यात चेंडू पण येतो आणि बांगडी पण. सुरुवातीला चालू दे, पण दाखवताना बांगडी, ताटाची कड, डब्याचं झाकण दाखवा. चौकोनाचं तसंच. चौकोन म्हणजे चार कोनांचा, तो चौरस असू दे नाहीतर दारासारखा लांबट. चौरस आणि आयत ही नावं शाळेत येतील तेव्हा येतील. "लांबट आहे म्हणून हा चौकोन नाही" एवढं मात्र चुकून पण म्हणू नका.

त्रिकोणात सगळे फसतात. पुस्तकातला त्रिकोण कायम देवळाच्या शिखरासारखा, खाली बूड, वर टोक. तोच उलटा केला की पोरगं म्हणतंय हा त्रिकोण नाही. म्हणून त्रिकोण तीन कापा, एक नेहमीचा, एक बारीक उंच, एक पसरट, आणि दर वेळी फिरवून वेगवेगळे ठेवा. चौकोन पण टोकावर उभा करून दाखवा. "हा पतंग" म्हणाला तर म्हणू दे, टोकं मोजायला लावा, चारच निघतात.

सगळ्यात चांगला तास चपातीचा. घडीची चपाती करताना पोराला ओट्याशी स्टुलावर उभं करा, तव्यापासनं लांब. छोटी पारी लाटली: गोल. तेल लावून दुमडली: अर्धा गोल, ही करंजी. परत दुमडली, आणि आमची धाकटी ओरडली, "समोसा!" टोकं मोजली, तीन. पण तिचं बोट एका कडेवरनं फिरताना म्हणालं, ही वाकडी आहे. बरोबर, घडीची एक कड गोलच राहते, लाटायला घेतल्यावर ती हळूहळू सरळ होते आणि मग खरा त्रिकोण दिसतो. लगेच ती मला म्हणाली आता परत गोल कर, आणि मला आयुष्यात जमलेलं नाही ते, आमची चपाती कायम तिकोनीच.

दिवाळीत शंकरपाळ्या कापायला बसवा. मोठी पोळी आडव्या-तिरक्या रेघांनी कापली की चौकोन, आणि एकेक चौकोन टोकापासनं टोकापर्यंत कापला की दोन त्रिकोण. कातण आई धरणार, मोजायचं पोरानं.

सावध: ओळखता येतंय म्हणून लगेच काढायला लावू नका. बघून गोल काढणं तीनच्या आसपास जमतं, चौकोन चारनंतर, त्रिकोणाला पाच पण होतात. हात धरून गिरवून घेतलात तर कागद भरतो, पोराला काही येत नाही.

## टप्पा ६: दोन्ही एकत्र

आता पुठ्ठ्याच्या आकारांवर चिंध्या चिकटवा, खळीनं. तीन आकार, तीन रंग, नऊ तुकडे. खेळ दुकानाचा. "मला तांबडा त्रिकोण पाहिजे, केवढ्याला?" पोरगं दुकानदार, तुम्ही गिऱ्हाईक. ते तांबडा चौकोन देईल, कारण दोन गोष्टी एकदम डोक्यात धरायला त्याला जड जातात. "रंग बरोबर दिलास की, पण मला तीन टोकाचा पाहिजे होता" असं म्हणून बदलून मागा. नंतर दुकान बदला, तुम्ही मुद्दाम चुकीचं द्या. तुमची चूक पकडताना ते जेवढं शिकतंय तेवढं कशातच नाही.

एलकेजीच्या ॲडमिशनला "व्हॉट कलर इज धिस" विचारणार असतील तर इंग्लिश नावं ह्या टप्प्यावर घ्या, तेच तुकडे, तोच तीन पायऱ्यांचा पाठ. कन्नड नावं पण तशीच: केंपु, हळदी, नीली, हसिरु, बिळी, कप्पु. ती शब्दाप्रमाणं बदलत नाहीत त्यामुळं लवकर येतात.

## गाडी अडली तर

नावं चुकणं वेगळं आणि जोडी चुकणं वेगळं. चार वर्षांचं पोरगं नाव चुकतंय पण चिंध्यांच्या जोड्या फटाफट लावतंय तर त्याचे डोळे बहुतेक ठीक आहेत, टप्पा ३ परत करा. पण चांगल्या उजेडात, नाव न विचारता, हिरवा आणि तपकिरी किंवा तांबडा आणि गडद हिरवा ह्यांची गल्लत परत परत होत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. लाल-हिरव्याचं रंगांधळेपण जन्मजात असतं, पोरींपेक्षा पोरग्यांत पुष्कळ जास्त, आणि ते आईकडनं येतं, त्यामुळं पोराच्या आजोबांना म्हणजे आईच्या वडिलांना, किंवा मामाला कधी असा त्रास होता का ते घरात विचारून जा. त्यात पोराचा आळस नाही आणि शिकवून ते जाणारं पण नाही, शाळेत बाईंना सांगून ठेवलं म्हणजे "हिरव्या खडूनं रंगव" म्हणून मार बसत नाही. तपासणीत ठिपक्यांच्या पानात लपलेला आकडा ओळखायचा असतो, पण आकडे न येणाऱ्या पोरांसाठी त्यातच गोल, चौकोन असले आकार लपवलेली पानं पण मिळतात, म्हणून जायच्या आधी टप्पा ५ उरकून घ्या.